मीठपाणी करून ठेवायचं, पण किती दिवस? पिंपातल्या पांढऱ्या थराबद्दल थोडं सविस्तर

कोथरूडहून एका गृहस्थांनी विचारलंय, त्याचा सारांश असा. दीडशे लिटरचा रीफ टँक (कोरल म्हणजे प्रवाळ असलेला खाऱ्या पाण्याचा टँक) आहे, त्यात क्लाउनफिशची जोडी, झोआ आणि मश्रूम या जातींचे कोरल. दर रविवारी पंधरा लिटर पाणी बदलतात. दर आठवड्याला मीठ कालवायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी ड्राय बाल्कनीतल्या निळ्या पिंपात एकदम शंभर लिटर मीठपाणी करून ठेवलं. हीटर लावला, पंप चोवीस तास चालू ठेवला. दहा दिवसांनी पिंपाच्या आतून पांढरा थर, हीटरवर कवच, आणि पंप अडकलेला. नवीन पाण्याचा केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, अंशांत मोजतात) साडेअकरा होता तो साडेआठवर आला. प्रश्न तीन: मीठ भेसळीचं आहे का, मीठपाणी किती दिवस टिकतं, आणि मेहुणे दर पंधरवड्याला अलिबागला जातात तर तिकडूनच कॅन भरून आणले तर?

अलिबागचं आधी निकालात काढतो. नको. किनाऱ्याजवळच्या पाण्याची क्षारता (खारेपणा) खाडी आणि ओढ्यांमुळे बदलती असते, पावसाळ्यात तर चांगलीच उतरते. शिवाय त्या पाण्यात जिवंत प्लवक असतं. बंद कॅनमध्ये, गाडीच्या तापलेल्या डिकीत ते घाट चढेपर्यंत मरायला लागतं आणि पाणी कुजतं. समुद्राचं पाणी वापरणारे लोक आहेत, पण ते खोल पाण्यातून आणतात, गाळतात, निर्जंतुक करतात. मेहुण्यांना मासळी आणायला सांगा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय "किती दिवस टिकतं", पण खरं बघायचं ते हे की त्या दिवसांत पिंपात होतं काय. मीठपाणी दुधासारखं नासत नाही. स्वच्छ आरओ-डीआय पाण्यात (आरओच्या पडद्यातून आणि मग डीआय रेझिनमधून नेऊन क्षार काढलेलं गोडं पाणी) चांगलं मीठ विरघळवलं, त्यात खाद्य, माशाची घाण किंवा टँकमधलं जुनं पाणी गेलेलं नाही, तर कुजायला आत काही नसतंच. जे बदलतं ते रसायन, आणि त्यातही मुख्यतः एकच गोष्ट: कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून कॅल्शियम कार्बोनेट म्हणून खाली बसतात. तुमचा पांढरा थर म्हणजे तेच. मीठ भेसळीचं नाही. उलट त्यात केएच भरपूर घातलेला आहे म्हणूनच हे झालं.

किती बसलं याचा हिशोब करता येतो. केएच तीन अंशांनी उतरला, म्हणजे लिटरमागे सुमारे चोपन्न मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडलं. शंभर लिटरमागे साडेपाच ग्रॅमच्या आत, जेमतेम चमचाभर. त्याच पिंपात तुम्ही पावणेचार किलोच्या आसपास मीठ घातलंय. म्हणजे पिंप पांढरं दिसतं तितकं पाणी बिघडलेलं नाही. कॅल्शियमही या भानगडीत फक्त वीसेक पीपीएमने (लिटरमागे मिलिग्रॅम) उतरतो, ४४० चा ४२० होतो. तो तुमच्या टेस्ट किटला धड कळणारही नाही. केएच मात्र लगेच दिसतो, म्हणून नेहमी तोच मोजायचा.

आता हे तुमच्याकडे इतक्या लवकर का झालं? कॅल्शियम कार्बोनेट थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतं. साखरेच्या उलट. म्हणून सगळ्यात आधी कवच धरतो तो हीटर आणि दुसरा पंपाचा गरम रोटर. त्यात पंप चोवीस तास पाणी घुसळतो, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि चढलेल्या पीएचला कार्बोनेट आणखी वाढतं. तिसरं, मिठाचा केएच. समुद्राचा केएच सातच्या आसपास असतो. रेड सी कोरल प्रोसारखी मिठं मुद्दाम बाराच्या आसपास ठेवलेली असतात, कारण वाढत्या कोरलला ते लागतं. अशा मिठाच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट आधीच काठावर उभे असतात. त्यांना गरम करून दहा दिवस घुसळलं की ते खाली येणारच. आणि एकदा पांढरे कण तयार झाले की त्यांच्यावर पुढचे कण भराभर चढतात. म्हणून न धुतलेल्या पिंपात दुसरी खेप पहिलीपेक्षाही लवकर पांढरी होते.

मग किती दिवस? हे मिठावर आहे, आणि इथे ठाम आकडा देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. काही जास्त केएचच्या मिठांवर स्वतः कंपनीच सांगते की काही तासांपेक्षा जास्त ढवळत ठेवू नका, पाणी लगेच वापरा. ते वाचा आणि पाळा. केएच सात-आठचं मीठ असेल तर झाकलेल्या, थंड, अंधारातल्या पिंपात दोन-तीन आठवडे आरामात जातात. माझ्या हाताखालचे टँक बहुतेक याच प्रकारावर चालतात, कारण प्रत्येक घरी मला दर रविवारी जाता येत नाही. पण तुमचं मीठ बदलायची गरज आहे असं मी म्हणत नाही. साठवण बदला.

माझी पद्धत साधी आहे: साठवायचं ते गोडं पाणी, मीठपाणी नाही. शंभर लिटरचं पिंप आरओ-डीआय पाण्याने भरलेलं ठेवा आणि रविवारच्या पंधरा-वीस लिटरपुरतं मीठ रविवारी सकाळी वेगळ्या बादलीत कालवा. कंटाळ्याचं खरं कारण मीठ कालवणं नसतंच, आरओचं पाणी ठिबकत बसायची वाट बघणं हे असतं. पाणी तयार असेल तर कालवणं म्हणजे पंप बादलीत सोडून आंघोळीला जाणं. गोड्या पाण्याचा दुसरा उपयोग म्हणजे रोजची बाष्पीभवनाची भर. एप्रिलच्या कोरड्या हवेत पंख्याखालचा उघडा टँक चांगलंच पाणी उडवतो, आणि ती भर कायम गोड्या पाण्याचीच घालायची, मीठ मागेच राहिलेलं असतं. नवीन लोक इथे मीठपाणी घालतात आणि दोन महिन्यांत क्षारता पस्तीसच्या जागी चाळीसवर (हजारात इतके भाग) नेऊन ठेवतात.

गोडं पाणी एकदम जास्त बनवण्याचं आणखी एक कारण आहे. आरओ युनिट चालू केल्यावर पहिली काही मिनिटं पडद्यातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पीपीएममध्ये) जास्त असतो. रोज पाच-पाच लिटर काढलं तर ते खराब पाणी रोज डीआय रेझिनवर जातं आणि रेझिन लवकर संपतं. आठवड्यातून एकदा सलग चालवा आणि पहिली मिनिटं ड्रेनला सोडा. बाहेर जाणारं पाणी तर वाया जातंच, चांगल्या पाण्याच्या तिप्पट-चौपट. ते मोरीत न सोडता फरशीला, संडासाला, गाडी धुवायला वापरा. पुण्यात पाण्याची ओरड सुरू झाली की सोसायटीत हा विषय निघतो, तेव्हा उत्तर तयार असलेलं बरं. पिंपाला फ्लोट व्हॉल्व्ह लावा, नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका तुम्हाला टँकपेक्षा जास्त वेळा आठवतील.

पाण्याच्या स्रोताबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण पुण्यात हा प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. महापालिकेचं खडकवासल्याकडून येणारं पाणी तसं सौम्य असतं. पण उन्हाळ्यात बऱ्याच सोसायट्यांच्या टाकीत बोअर आणि टँकर मिसळतात, आणि नळ तोच असला तरी पाणी तेच राहत नाही. टीडीएस मीटर महिन्यातून एकदा नळालाही लावा, फक्त आरओच्या तोंडाला नको. आत येणारं पाणी १५० असेल तर चांगला पडदा ते सात-आठवर आणतो आणि उरलेलं काम डीआय सहज करतं. आत ७०० आलं तर डीआयवर पस्तीस पडतात, आणि तीन महिने चालणारं रेझिन तीन आठवड्यांत रंग बदलतं. टीडीएस मीटरला क्लोरीन मात्र दिसत नाही. त्यासाठी पडद्याआधीचा कार्बन ब्लॉक वेळेवर बदलायचा, तो पडद्यालाही वाचवतो.

आणि स्वयंपाकघरातला आरओ? हे बरेच जण करतात, म्हणून सांगतो. घरच्या आरओमध्ये बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो, जो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. पुढे मिनरल कार्ट्रिज असते. आणि हल्ली "कॉपर"वाली मॉडेलं खूप खपतात. तांबं माणसाला चालतं, पण कोरल, कोळंबी, शिंपले, गोगलगाई यांना अगदी थोडंही विष आहे. तुमच्याकडे तसं मॉडेल असेल तर ते पाणी टँकच्या जवळपासही नको. तांब्या-पितळेचे हंडे, कळशा, नळाच्या पितळी जोडण्या यांनाही हाच नियम.

आता मीठ कालवणं. आधी पाणी, मग मीठ. कोरड्या मिठावर पाणी ओतलंत तर तळाशी क्षणभर इतकं दाट द्रावण होतं की कॅल्शियम कार्बोनेट तिथेच बसतं, आणि जे बसलं ते नुसतं ढवळून परत विरघळत नाही. पाणी खोलीच्या तापमानाचं, साधारण चोवीस-पंचवीस अंश. पुण्यात वर्षातले बरेच महिने हीटर लागतच नाही. डिसेंबर-जानेवारीत बाल्कनीतलं पाणी पहाटे चांगलंच गार असतं, तेव्हा कालवताना नाही तर वापरण्याआधी तासभर हीटर लावा. मे महिन्यात उलटं करा, बादली घरात आणा. पावरहेड (पाण्यात बुडणारा छोटा पंप) सोडा, त्याचं तोंड वरच्या बाजूला करा म्हणजे पृष्ठभाग हलेल, आणि मीठ मूठमूठ करून घाला. बहुतेक मिठांना लिटरमागे छत्तीस ते एकोणचाळीस ग्रॅम लागतात, पिशवीवर लिहिलेलं असतं. वजन करूनच घ्या, डब्याच्या मापाने नको. आणि दोन-तीन ग्रॅम कमीच धरा, कारण मीठ वाढवणं सोपं असतं.

मिठाची पिशवी उघडण्याआधी तिला जमिनीवर दोन-चार वेळा लोळवा. कारखान्यातून येताना बारीक आणि जाड कण वेगळे झालेले असतात. वरचं मीठ आणि तळाचं मीठ यांत फरक पडू शकतो. पावसाळ्यात आणखी काळजी. मिठातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतात, आणि जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत ओढायला भरपूर असतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वीस किलोची पिशवी एकदम न उघडता लागेल तितकंच बाहेर काढा. हाताने फुटणारे गोळे असतील तर वापरा, पण वजनात पाणी आलंय हे लक्षात ठेवा आणि शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण). दगड झालेलं, पाण्यात तासभर ढवळूनही दुधाळ राहणारं मीठ असेल तर त्याच्या नादी लागू नका.

रिफ्रॅक्टोमीटरवरून आठवलं. शून्य टीडीएसच्या पाण्याने शून्य लावलं म्हणजे पस्तीसला बरोबर असं नसतं. स्वस्त उपकरणं वरच्या टोकाला दोन-तीन अंकांनी सरकलेली मी सतत बघतो. पस्तीसचं कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, नाहीतर घरी करा: साडेछत्तीस ग्रॅम साधं मीठ (सोडियम क्लोराइड, टँकचं मीठ नव्हे) आणि ९६३.५ ग्रॅम डीआय पाणी. प्रकाश वाकवण्यात हे द्रावण पस्तीसच्या समुद्रपाण्याच्या बरोबरीचं असतं. नेहमीचं आयोडीनवालं स्वयंपाकाचं मीठ इथे चालतं, फक्त कोरडं हवं. ते टँकमध्ये जाणार नाही. काटा मात्र चांगला पाहिजे, भाजीच्या वजनाचा नको. काचेवर थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, तापमान एक होऊ द्या. लक्ष्य पस्तीस, म्हणजे पंचवीस अंशांना घनता १.०२६.

मीठ विरघळून पाणी काचेसारखं झालं की तुमच्या प्रकारच्या मिठासाठी एक-दोन तास पुरतात. रात्रभर ढवळण्याचा जुना सल्ला आहे तो तुमच्यासाठी नाही. कमी केएचच्या मिठाला त्याने काही बिघडत नाही, तुमच्या मिठाला बिघडतं. टँकमध्ये जाण्याआधी तापमान एक-दोन अंशांच्या आत आणि क्षारता टँकइतकी, एवढं बघा.

केएच किती जुळला पाहिजे हे मात्र बदलाच्या प्रमाणावर आहे. तुमचा टँक आठवर आहे असं धरतो. साडेअकराचं पंधरा लिटर पाणी घातलंत तर दहा टक्के बदल, टँकचा केएच जेमतेम ०.३५ चढेल. कोरलला कळणारही नाही. पण काही गडबड होऊन पंचेचाळीस लिटर एकदम बदलावे लागले तर उडी एकाहून जास्त पडेल, ती झोआ खपवून घेतील, नाजूक कोरल घेणार नाहीत. म्हणून मोठ्या बदलाच्या वेळी दोन हप्त्यांत करा.

गुरुवारचं पाणी बंद आणि गुरुवारचीच वीज देखभाल, हे पुण्यात ज्याला माहीत नाही तो नवीन आलेला. त्यासाठी मीठपाणी साठवून ठेवावं का? माझ्या मते नाही. गोडं पाणी भरलेलं असेल आणि मीठ हाताशी असेल तर वीज नसतानाही प्लास्टिकच्या मोठ्या पळीने ढवळून तीस लिटर होतं. हात दुखतो, पण होतं.

तुमच्या पिंपाबद्दल. ते नवीन, फूड-ग्रेड एचडीपीईचं असेल तर उत्तम, तळाला त्रिकोणात २ चा आकडा असतो. भंगारवाल्याकडून घेतलेलं कारखान्याचं निळं पिंप असेल तर त्यात आधी काय होतं हे कोणी सांगू शकत नाही, आणि प्लास्टिक बरंच काही धरून ठेवतं. असं पिंप झाडांसाठी ठेवा. पिंपाला झाकण हवंच, आत गोडं पाणी असो की मीठपाणी. उघड्या मीठपाण्यातून फक्त पाणी उडतं आणि क्षारता चढते. उन्हाची तिरीप लागली तर शेवाळ धरतं. आणि पिंपावर मोठ्या अक्षरात "टँकचं पाणी, हात लावू नये" लिहा. कामाच्या मावशींनी डीआय पाण्याने गॅलरी धुतल्याचं मला एकाहून जास्त घरांत सांगण्यात आलंय, आणि त्यांची त्यात काही चूक नसते. शंभर लिटर म्हणजे शंभर किलोच्या वर, तेव्हा पिंप एकदा ठेवलं की हलवू नका. छोट्या पंपाने आणि पाइपने पाणी टँकपर्यंत न्या. पाठ शाबूत राहील.

राहिलं आत्ता पिंपात पडलेलं पाणी. ओतून देऊ नका. हीटर आणि पंप काढा, एक दिवस निवळू द्या, क्षारता आणि केएच मोजा. साडेआठ म्हणजे तुमच्या टँकच्या जवळपासच आलंय. झाकण नीट होतं आणि क्षारता पस्तीस असेल तर वरवरचं पाणी पाइपने काढून येत्या काही रविवारी वापरा, तळातला गाळ तेवढा राहू द्या. थोडे पांढरे कण टँकमध्ये गेले तरी कोणी मरत नाही, स्किमर आणि फिल्टर सॉक बघून घेतील. वापरताना दर रविवारी केएच एकदा बघा. आठच्या खाली घसरायला लागला तर उरलेलं सोडून द्या.

पिंप रिकामं झालं की पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चारपट पाणी घालून आतून पुसा, फेस येईल. फेस थांबला की थर गेला. पंप उघडून रोटर आणि त्याची खोबण त्याच पाण्यात तासभर बुडवा, हीटर फक्त प्लग काढून गार झाल्यावर. रोटरचा दांडा सिरॅमिकचा असेल तर ओढताना जपून, तुटला तर सुटा मिळायला वेळ लागतो. सगळं दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा, मग पिंपात आरओचं पाणी सोडा.